जॅकनेप्स, नेव्ह, हसी: आगाऊ माणसांची जुनी इंग्रजी नावं

इंग्रजीत पूर्वी आगाऊ, चढेल माणसाला 'जॅकनेप्स' म्हणत. हे नाव ज्याच्यामुळे गाजलं तो साधासुधा माणूस नव्हता. सफोकचा ड्यूक विल्यम द ला पोल हा इंग्लंडच्या सहाव्या हेन्री राजाचा उजवा हात होता. त्याच्या मानचिन्हात साखळी आणि लाकडाचा ओंडका होता. पाळीव माकड पळून जाऊ नये म्हणून त्याला असा ओंडका अडकवत. माकडाला तेव्हा 'जॅक नेप्स' म्हणत असावेत. लोकांनी ते नाव थेट ड्यूकलाच चिकटवलं. इंग्लंडच्या ताब्यातला नॉर्मंडी प्रांत फ्रेंचांच्या घशात गेला, त्याचं खापर त्याच्यावर फुटलं, आणि मे १४५० मध्ये हद्दपारीच्या वाटेवर त्याचं जहाज अडवून एका होडीत त्याचं डोकं उडवण्यात आलं. त्याच्यावरच्या उपहासगीतांत हे नाव येतं. त्याचा पणजोबा हल बंदरातला लोकरीचा व्यापारी होता, हे लोक विसरले नव्हते. आपली पायरी सोडून वर चढलेला तो माकड, असा त्या शिवीचा रोख. पुढच्या शतकात ती कुठल्याही उद्धट पोरासाठी वापरली जाऊ लागली.

या सगळ्या शब्दांत मला हाच रोख दिसतो. उद्धटपणा वागण्यात असतो असं आपण समजतो, पण भाषा आधी माणसाची पायरी बघते.

याचा सर्वांत स्वच्छ पुरावा म्हणजे 'नेव्ह' आणि 'नाइट' ही जोडी. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत दोन्ही शब्दांचा अर्थ जवळपास एकच होता: मुलगा, पोऱ्या. ज्या पोऱ्याला घोडा आणि तलवार मिळाली तो 'नाइट' झाला, सन्मानाचा धनी. जो चाकरीत राहिला तो 'नेव्ह' आधी नोकर झाला आणि मग लबाड, बदमाश. जर्मनमध्ये यांचेच भाऊबंद आजही 'मुलगा' आणि 'गडी' एवढ्याच अर्थानं नांदतात. पत्त्यांत आपण ज्याला गुलाम म्हणतो, तो इंग्रजीत आधी 'नेव्ह'च होता. पत्त्यांच्या कोपऱ्यात अक्षरं छापायला सुरुवात झाल्यावर राजाचं (किंग) K आणि नेव्हचं Kn यांत गोंधळ होऊ लागला, आणि 'जॅक' हे नाव रूढ झालं. जॅक म्हणजे कुणीही सोम्यागोम्या. जॅकनेप्समधला जॅक तोच.

शब्दाचा अर्थ असा खाली घसरण्याला भाषाविज्ञानात अर्थापकर्ष म्हणतात आणि वर चढण्याला अर्थोत्कर्ष. बायकांच्या वाट्याला बहुतेक वेळा घसरणच आली. 'हसी' म्हणजे उर्मट, चवचाल पोरगी. हा शब्द मूळचा 'हाउसवाइफ', म्हणजे घरधनीण. बोलताना झिजून तो आखूड झाला, आणि सतराव्या शतकात आखूड रूपाला वाईट वास चिकटला. पूर्ण रूपाची अब्रू मात्र शाबूत राहिली. ब्रिटिश सैनिकांच्या सामानातल्या सुईदोऱ्याच्या पिशवीलाही दुसऱ्या महायुद्धापर्यंत 'हाउसवाइफ'च म्हणत! एकाच शब्दाची दोन लेकरं इतकी वेगळी निघालेली पाहून मला त्या न केलेल्या गुन्ह्याची शिक्षा भोगणाऱ्या 'हसी'बद्दल वाईट वाटतं.

'सॉसबॉक्स' हा सोळाव्या शतकातला शब्द त्यामानाने सौम्य, तोंडाळ मुलांसाठीचा. सॉस हा शब्द लॅटिनमधल्या 'खारवलेलं' या अर्थाच्या शब्दातून फ्रेंचमार्गे आला. जिभेला झोंबणारं ते 'सॉसी', आणि पुढे झोंबणारं बोलणारा तोही 'सॉसी'.

आणि 'मॅलपर्ट'. यातला 'अपर्ट' हा तुकडा लॅटिनमधल्या 'उघडा' या अर्थाच्या शब्दाचा वंशज. त्याच्याआधी 'वाईट' या अर्थाचा 'मॅल' लागला, की भीड न ठेवता तोंड उघडणारा माणूस तयार. 'मॅलपर्ट' आता जवळपास मेला आहे. 'अपर्ट'चा पहिला स्वर गळून उरलेला 'पर्ट' मात्र जिवंत आहे. तोही कित्येक शतकं 'आगाऊ' या अर्थानंच वापरला गेला. आज त्याचा 'टवटवीत, नीटस' असाही अर्थ होतो.