रुग्णभेटीची वयोमर्यादा, इन्फ्ल्यूएंझाच्या साथीतील

इन्फ्ल्यूएंझाचा (फ्लूचा) फैलाव वाढलेला असताना ठरावीक वयाखालील व्यक्तींना रुग्णालयातील रुग्णांना भेटण्यास मनाई करणारा तात्पुरता नियम. ही मर्यादा बहुधा १२, १४, १६ किंवा १८ वर्षांची असते आणि ती सबंध रुग्णालयाला अथवा प्रसूती, नवजात व कर्करोग यांसारख्या काही विभागांपुरती लागू केली जाते. अमेरिकेची संयुक्त संस्थाने व कॅनडा येथील रुग्णालयांत हा नियम विशेष रूढ आहे. २००९ मधील एच१एन१ (स्वाइन फ्लू) च्या जागतिक साथीत तो तेथे मोठ्या प्रमाणावर अमलात आला.

या नियमाचा उगम कोठे मानावा याबाबत एकवाक्यता नाही. एका मतानुसार त्याचे मूळ एकोणिसाव्या शतकातील सांसर्गिक रोगांच्या रुग्णालयांत आहे. लोहितांग ज्वर (स्कार्लेट फीवर), घटसर्प व गोवर या रोगांनी त्या काळी मुलेच अधिक दगावत असल्याने निरोगी मुलाला रुग्णकक्षात येऊ देणे म्हणजे त्याला मृत्यूच्या तोंडी देणे होय, अशी समजूत होती आणि ती निराधारही नव्हती. ब्रिटनमधील अशा रुग्णालयांत तर मोठ्यांनाही प्रवेश जवळजवळ बंदच असे. आईबाप खिडकीच्या काचेतून मुलाला पाहत. काही गावांत प्रत्येक रुग्णाला एक क्रमांक दिला जाई व कोणत्या क्रमांकाची प्रकृती चिंताजनक आहे, हे स्थानिक सायंदैनिकात छापून येई; घरच्यांना खबर मिळे ती त्या आकड्यांवरून. दुसरे मत असे, की आजचा नियम हे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील साथरोगशास्त्राचे अपत्य आहे. शाळकरी मुले फ्लू घरोघर पोहोचवतात हे दिसून आल्यावर तो निघाला. तिसरे मत अधिक रोखठोक आहे. मुले गडबड करतात, कक्षातील शांतता व शिस्त बिघडते, म्हणून परिचर्या व्यवस्थेने त्यांना दारातच थांबवले आणि संसर्गाचे कारण नंतर जोडले गेले, असे ते सांगते.

यांपैकी पहिले व तिसरे मत एकत्र घेतल्यास वस्तुस्थितीशी अधिक जुळते, असे दिसते. सर्वसाधारण रुग्णालयांत ठरावीक वयाखालील मुलांना भेटीस मज्जाव करणारे नियम विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सर्रास होते. फ्लूच्या प्रसारातील मुलांच्या वाट्याचा पुरावा पुष्कळ अंशी त्यानंतरचा आहे. फ्लूचा मानवी विषाणूच मुळी १९३३ मध्ये प्रथम अलग करण्यात आला. शिवाय १९१८–१९ च्या जागतिक साथीत अनेक शहरांतील रुग्णालयांनी भेटी बंद केल्या, त्या सरसकट सर्वांनाच. त्या साथीत वीस ते चाळीस वयाचे धडधाकट लोक मोठ्या संख्येने मृत्युमुखी पडले, त्यामुळे मुलांना वेगळे काढण्याचे प्रयोजनही त्या वेळी नव्हते.

उगमाच्या या वादात एक बाब सहसा निसटते, ती म्हणजे संरक्षणाची दिशा. जुना नियम मुलाला रुग्णालयापासून वाचवण्यासाठी होता, तर आजचा नियम रुग्णाला मुलापासून वाचवण्यासाठी आहे. मधल्या काळात भेटींचे नियम एकंदरीत बरेच सैलावले होते. इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे बालरोगतज्ज्ञ जेम्स स्पेन्स यांनी १९२० च्या दशकातच आजारी अर्भकांसोबत त्यांच्या मातांना ठेवून घेण्यास आरंभ केला. लहान मुलाला आईपासून तोडल्याने होणारा मानसिक आघात ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी व त्यांचे सहकारी जेम्स रॉबर्टसन यांनी १९५० च्या दशकात पुढे आणला आणि १९५९ मध्ये हॅरी प्लॅट यांच्या अध्यक्षतेखालील ब्रिटिश समितीने आईवडिलांना आजारी मुलाची भेट केव्हाही घेऊ द्यावी, अशी शिफारस केली. मात्र हा सारा विचार रुग्ण असलेल्या मुलाविषयीचा होता. भेटीस येणाऱ्या मुलाचा, म्हणजे आजारी भावंडाला, बाळंतीण आईला किंवा अंथरुणाला खिळलेल्या आजोबांना पाहू इच्छिणाऱ्याचा प्रश्न मागे राहिला. प्रसूती व नवजात विभागांचे दार भावंडांसाठी उघडू लागले ते त्यानंतर बऱ्याच उशिरा. २००९ मध्ये ते पुन्हा लावले गेले तेव्हा पाटी जवळपास जुनीच होती. तिच्यामागचे कारण मात्र उलटे झाले होते.

शास्त्रीय आधार : फ्लूचा परिपाक काल (लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा काळ) १ ते ४ दिवसांचा, सरासरी २ दिवसांचा असतो. बाधित प्रौढ व्यक्ती लक्षणे दिसण्याच्या सुमारे एक दिवस आधीपासून पुढे ५ ते ७ दिवस विषाणू बाहेर टाकते. लहान मुलांत हा काळ १० दिवसांपर्यंत किंवा त्याहून अधिक लांबू शकतो. पूर्वीच्या लागणींतून येणारी प्रतिरक्षा मुलांत कमी असते, शाळेत त्यांचा परस्परांशी निकटचा संपर्क येतो आणि खोकताना तोंड झाकणे वा हात धुणे त्यांच्याकडून नियमाने होत नाही. समाजातील प्रसारात मुलांचा वाटा मोठा असल्याचा सबळ पुरावा कॅनडातील हटराइट या ख्रिस्ती पंथाच्या अनुयायांच्या वसाहतींत झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीतून मिळाला. तेथे ३ ते १५ वर्षांच्या मुलांना फ्लूची लस दिल्यावर लस न घेतलेल्या इतर रहिवाशांना सुमारे ६१ टक्के संरक्षण लाभले. जपानमध्ये १९६२ पासून शाळकरी मुलांना सामुदायिक लस दिली जात होती आणि १९९४ मध्ये ती थांबवण्यात आली. त्या काळात या लसीकरणामुळे दर वर्षी ३७,००० ते ४९,००० मृत्यू, मुख्यतः वृद्धांचे, टळले असावेत, असे अनुमान २००१ मध्ये मांडले गेले. ते सर्वमान्य नाही. घटत्या मृत्युमानाला इतरही कारणे असू शकतात. त्यामुळे हटराइट चाचणीचे वजन अधिक धरणे योग्य.

या पुराव्यातून मुले समाजात फ्लू पसरवतात एवढे सिद्ध होते. भेटीस आलेले मूल कक्षात किती संसर्ग पोहोचवते, हा निराळा प्रश्न आहे. त्या दृष्टीने न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे कॅरोलिन हॉल व सहकाऱ्यांनी केलेला आणि १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग उद्‌बोधक आहे. तो फ्लूचा नसून आरएसव्ही या श्वसनमार्गाच्याच विषाणूचा आहे. आजारी अर्भकांना कुशीत घेऊन सांभाळणाऱ्या ७ स्वयंसेवकांपैकी ५ जणांना लागण झाली. बाळ खोलीत नसताना त्याच्या वापरातील वस्तूंना नुसते हात लावून तेच हात स्वतःच्या नाकाडोळ्यांना लावणाऱ्या १० जणांपैकी ४ बाधित झाले. पाळण्यापासून सहा फुटांहून दूर बसलेल्या १४ जणांपैकी एकही नाही. हे सारे स्वयंसेवक प्रौढ होते. फ्लूचा विषाणूही पोलाद व प्लास्टिकसारख्या कठीण पृष्ठभागावर २४ ते ४८ तास टिकू शकतो, पण तो मुख्यतः खोकल्या-शिंकांतील तुषारांवाटे पसरतो, एवढा फरक ध्यानात ठेवावा लागतो.

मर्यादेचा आकडा : बाराव्या किंवा अठराव्या वर्षी विषाणूच्या उत्सर्जनात एकाएकी बदल होतो, असे नाही. लस घेतलेले दहा वर्षांचे मूल दारात अडते आणि लस न घेतलेला, अंगात कणकण असलेला प्रौढ आत जातो, असे या नियमाने घडू शकते. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रांच्या मार्गदर्शनात भर आहे तो लक्षणांची विचारपूस करण्यावर आणि विलगीकरणातील रुग्णाकडे त्याच्या मानसिक आधारासाठी व शुश्रूषेसाठी आवश्यक तेवढ्याच व्यक्तींना सोडण्यावर. वय ही मूलतः एक सोयीची खूण आहे. दारावरील कर्मचाऱ्याला ताप, लसीकरण किंवा हातांची स्वच्छता नजरेने पारखता येत नाही, वय मात्र बहुतांशी येते. १८ ची मर्यादा याच कामी अडचणीची ठरते, कारण सोळा वर्षांचे कोण व एकोणीस वर्षांचे कोण हे चेहऱ्यावरून सांगणे कठीण. १२ ची मर्यादा त्या मानाने राबवण्यास सोपी. शिवाय वयोमर्यादा सहसा मुखपट्टी, हात निर्जंतुक करणे व भेटीस येणाऱ्यांची संख्या कमी करणे यांच्या जोडीनेच येते, त्यामुळे तिचा एकटीचा परिणाम वेगळा काढणे अवघड आहे.

अंमलबजावणी : परिसरातील प्रयोगशाळांत फ्लूचे निदान होणाऱ्या नमुन्यांचे प्रमाण वाढू लागले, की रुग्णालयाची संसर्ग नियंत्रण समिती मर्यादा जाहीर करते आणि ते ओसरल्यावर उठवते. समशीतोष्ण उत्तर गोलार्धात हा काळ बहुधा हिवाळ्याचा असतो. अस्थिमज्जा प्रतिरोपण विभागासारख्या ठिकाणी, जेथे रुग्णांची प्रतिरक्षा क्षीण असते, काही रुग्णालये मर्यादा वर्षभर ठेवतात. कर्मचारी अपुरे असल्याने रुग्णाची शुश्रूषा घरच्यांवरच अवलंबून असते अशा ठिकाणी नियम कागदावरच राहतो.

२०२० मध्ये कोविड-१९ च्या साथीत बहुतेक ठिकाणी सर्वच वयांच्या भेटींवर बंधने आली व वयोमर्यादेचा प्रश्न काही काळ बाजूला पडला.

अपवाद : मरणासन्न रुग्णाच्या मुलांना व नातवंडांना बहुधा सवलत दिली जाते, त्यासाठी कक्षाच्या प्रमुख परिचारिकेची संमती, लक्षणांची तपासणी आणि मुखपट्टी आवश्यक असते. दोन वर्षांखालील मुलांना मुखपट्टी लावणे सुरक्षित नसल्याने त्यांच्याबाबत ही अट पाळता येत नाही. दाखल असलेल्या मातेच्या अंगावर पिणाऱ्या अर्भकाला भेटीस आलेल्यांत गणत नाहीत. सर्वांत विचित्र पेच उभा राहतो तो नवजात अतिदक्षता विभागाच्या दारात, जेव्हा आत काचपेटीत असलेल्या बाळाची आई स्वतःच सतरा वर्षांची असते. तिला बाळाची पालक म्हणून प्रवेश दिला जातो. तिच्यासोबत आलेल्या पंधरा वर्षांच्या बहिणीला मात्र बाहेरच थांबावे लागते.