महागाईपुढे हतबल होणारा पक्ष : डेमोक्रॅट्सच्या पराभवांची पार्श्वभूमी

नोव्हेंबर २०२४ मध्ये झालेल्या अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीत डोनाल्ड ट्रम्प यांना ३१२, तर कमला हॅरिस यांना २२६ इलेक्टोरल मते मिळाली. चुरशीची मानली गेलेली सातही राज्ये ट्रम्प यांच्याकडे गेली आणि २००४ नंतर प्रथमच रिपब्लिकन उमेदवाराला देशभरातील एकूण मतांतही आघाडी मिळाली. उमेदवार अगदी उशिरा बदलला गेला, सीमेवरील स्थलांतराचा प्रश्न हाताळता आला नाही, अशी या पराभवाची अनेक कारणे सांगितली गेली आणि त्यांत तथ्यही आहे. मात्र मतदानोत्तर पाहण्यांमध्ये जवळपास निम्म्या मतदारांनी चार वर्षांपूर्वीपेक्षा आपल्या घरची आर्थिक स्थिती खालावल्याचे सांगितले होते, आणि त्याच वेळी देशातील बेरोजगारीचा दर जेमतेम ४ टक्क्यांच्या आसपास होता. हाताला काम आहे, पगार वेळेवर येतो, तरीही महिनाअखेर हातातोंडाची गाठ पडत नाही, अशी ही अवस्था होती. नेमकी हीच अवस्था गेली ऐंशी वर्षे डेमोक्रॅटिक पक्षाला अडचणीची ठरत आली आहे. तिचे मूळ एखाद्या उमेदवाराच्या उणिवांपेक्षा पक्षाच्या घडणीत आहे, असे मला वाटते.

आजच्या डेमोक्रॅटिक पक्षाची ओळख महामंदीच्या काळात घडली. १९३३ मध्ये अमेरिकेतील दर चार कामगारांपैकी साधारण एक जण बेकार होता. त्याआधीच्या नोव्हेंबरमध्ये डेमोक्रॅट उमेदवार फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी तत्कालीन रिपब्लिकन अध्यक्ष हर्बर्ट हूव्हर यांचा ४७२ विरुद्ध ५९ इलेक्टोरल मतांनी पराभव केला होता. सार्वजनिक कामे, सामाजिक सुरक्षेचा कायदा, कामगार संघटनांना मिळालेले कायदेशीर संरक्षण ही सारी त्या बेकारीविरुद्धच्या लढ्याची हत्यारे होती. त्या वेळी शत्रू महागाई नव्हती, उलट भाव कोसळणे हा शत्रू होता. शेतमालाला भाव यावा म्हणून शेतकऱ्यांना पैसे देऊन उभा कापूस नांगरायला लावण्यापर्यंत सरकारची मजल गेली होती. ‘किती हातांना काम मिळाले’ हीच सरकारच्या यशाची मोजपट्टी ठरली आणि फेब्रुवारी १९४६ च्या रोजगार कायद्याने तिला कायद्याचे अधिष्ठान मिळाले. त्याच वर्षी पक्षाला पहिला मोठा तडाखा बसला, आणि तो रोजगारामुळे नव्हे तर मांसामुळे बसला.

युद्धकाळात किंमत नियंत्रण कार्यालय नावाचे सरकारी खाते मांसापासून घरभाड्यापर्यंत बहुतेक सगळ्या गोष्टींच्या कमाल किमती ठरवत असे. युद्ध संपल्यावर ही नियंत्रणे उठवायची की ठेवायची, यावर काँग्रेस (अमेरिकेची संसद) आणि डेमोक्रॅट अध्यक्ष हॅरी ट्रुमन यांच्यात तिढा निर्माण झाला. काँग्रेसने संमत केलेले विधेयक फारच दुबळे आहे म्हणून ट्रुमन यांनी ते नाकारले, त्यामुळे ३० जून १९४६ रोजी नियंत्रणे आपोआप संपली आणि जुलैमध्ये भाव भडकले. पशुपालकांनी ही संधी साधून मिळतील तेवढी जनावरे बाजारात आणली. पुढे मांसाच्या किमतींवर पुन्हा मर्यादा आली, तेव्हा त्यांनी उरलेली जनावरे विकायचेच थांबवले. सप्टेंबर आणि ऑक्टोबरमध्ये खाटकांच्या दुकानांसमोर रांगा लागल्या आणि फळ्या मात्र रिकाम्या राहिल्या. रिपब्लिकन पक्षाने आपला सारा प्रचार ‘आता पुरे झाले ना?’ अशा अर्थाच्या दोन शब्दांत बसवला. मतदानाला तीन आठवडे उरले असताना, १४ ऑक्टोबरला, ट्रुमन यांनी मांसावरील नियंत्रण उठवले, पण तोवर उशीर झाला होता. प्रतिनिधिगृहात रिपब्लिकनांच्या ५५ जागा वाढल्या आणि सोळा वर्षांनी प्रथमच मतदारांनी काँग्रेसची दोन्ही सभागृहे त्यांच्या हाती दिली. वर्षअखेरीस महागाईचा दर सुमारे १८ टक्क्यांवर पोहोचला होता. त्या दिवसांत कारखाने सुरू होते आणि रणांगणावरून परतलेल्या सैनिकांना कामेही मिळत होती, ही गोष्ट येथे विसरून चालणार नाही.

ट्रुमन यांनी १९४८ मध्ये ‘काहीच न करणारी काँग्रेस’ असा ठपका विरोधकांवर ठेवून बाजी उलटवली. त्यानंतर दोन दशके भाव बहुतांश आटोक्यात राहिले, त्यामुळे १९४६ चा धडा पक्षाच्या स्मरणात राहिला नाही.

तो पुन्हा समोर आला डेमोक्रॅट अध्यक्ष जिमी कार्टर यांच्या काळात, आणि या काळाकडे थोडे जवळून पाहायला हवे. १९७६ च्या प्रचारात कार्टर यांनी बेरोजगारी आणि महागाई यांच्या टक्केवारीची बेरीज करून तत्कालीन रिपब्लिकन अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांच्या कारभारावर बोट ठेवले होते. ती बेरीज तेव्हा १३ च्या आसपास होती. सत्तेत आल्यावर हीच बेरीज २० च्या पुढे गेली. ऑक्टोबर १९७८ चा एक आठवडा पक्षाची कोंडी नेमकी दाखवतो. २४ तारखेला कार्टर यांनी दूरचित्रवाणीवरून वेतन आणि किमती यांवर स्वेच्छेने मर्यादा पाळण्याचे आवाहन केले, आणि २७ तारखेला संपूर्ण रोजगाराचे उद्दिष्ट ठरवणाऱ्या हम्फ्री-हॉकिन्स कायद्यावर सही केली. बेरोजगारी ४ टक्क्यांवर आणायची आणि त्याच वेळी भावही खाली आणायचे, अशी दोन टोकांची आश्वासने एकाच आठवड्यात दिली गेली, आणि दोन्ही पाळायची कशी याचे उत्तर कोणाजवळच नव्हते. महागाईविरोधी मोहिमेची जबाबदारी ज्यांच्यावर होती, त्या अर्थतज्ज्ञ आल्फ्रेड कान यांनी तीव्र मंदीची शक्यता बोलून दाखवताच वरून नाराजी आली. तेव्हापासून ते मंदीऐवजी ‘केळे’ हा शब्द वापरू लागले. पक्षाला मंदीचे नावसुद्धा ऐकवत नव्हते, इतकी तिशीच्या दशकाची जखम खोल होती.

इराणमधील क्रांतीनंतर १९७९ च्या उन्हाळ्यात पेट्रोलची टंचाई झाली. कॅलिफोर्नियात गाडीच्या क्रमांकाचा शेवटचा आकडा विषम असेल तर विषम तारखेला आणि सम असेल तर सम तारखेला पेट्रोल, असा नियम आला. पहाटेपासून पंपांवर रांगा लागत. जूनमध्ये पेनसिल्व्हेनियातील लेव्हिटटाउन या नोकरदारांच्या वसाहतीत ट्रकचालकांच्या निदर्शनांतून दंगल उसळली. कार्टर यांनी १५ जुलैला केलेल्या भाषणात राष्ट्राच्या आत्मविश्वासालाच तडा गेल्याचे सांगितले. भाषण प्रामाणिक होते. परंतु रांगेत ताटकळलेल्या माणसाला दोष आपल्यालाच दिला जात आहे असे वाटू लागले. ऑगस्टमध्ये त्यांनी पॉल व्होल्कर यांना फेडरल रिझर्व्ह या मध्यवर्ती बँकेच्या अध्यक्षपदी नेमले, आणि हा निर्णय देशाच्या हिताचा असला तरी त्यांच्या स्वतःच्या राजकारणाच्या मुळावर आला. व्होल्कर यांनी पतपुरवठा आवळला आणि डिसेंबर १९८० पर्यंत बँकांचा मूळ व्याजदर २१.५ टक्क्यांवर गेला. घरांची मागणी थंडावल्याने हवालदिल झालेले बांधकाम व्यावसायिक पुढे आपला निषेध लाकडी फळ्यांच्या तुकड्यांवर लिहून ते तुकडे टपालाने व्होल्कर यांच्याकडे पाठवू लागले.

मतदानाला आठवडा उरला असताना क्लीव्हलँड येथील वादसभेत रिपब्लिकन उमेदवार रोनाल्ड रेगन यांनी मतदारांना चार वर्षांपूर्वीपेक्षा तुमचे बरे चालले आहे का, असा साधा प्रश्न विचारला. त्यांनी ४४ राज्ये जिंकली, आणि सिनेटही १९५४ नंतर प्रथमच डेमोक्रॅट्सच्या हातून गेले. पुढे १९८२ अखेरीस बेरोजगारी १०.८ टक्क्यांवर पोहोचली, तेव्हा अध्यक्षांच्या कार्यकाळाच्या मध्यावर होणाऱ्या काँग्रेसच्या निवडणुकीत, म्हणजे मध्यावधी निवडणुकीत, रेगन यांच्या पक्षाने प्रतिनिधिगृहाच्या २६ जागा गमावल्या. मात्र १९८४ मध्ये, बेरोजगारी ७ टक्क्यांच्या वर असतानाही, रेगन यांनी ४९ राज्ये जिंकली, कारण दरम्यान महागाई १३ टक्क्यांवरून सुमारे ४ टक्क्यांवर आली होती. बेरोजगारी शंभरांतल्या दहा घरांत शिरते, महागाई शंभरही घरांत शिरते. डेमोक्रॅटिक पक्षाची सारी सहानुभूती त्या दहा घरांपाशी होती. ते योग्यच होते, पण उरलेल्या नव्वद घरांना आपले कोणी नाही असे वाटत राहिले.

ती नव्वद घरे कोठली, हे पाहण्यासाठी डेट्रॉइटच्या शेजारचा मॅकोम परगणा पुरेसा आहे. मोटार कारखान्यांतील कामगारांच्या या वस्तीने १९६० मध्ये जॉन केनेडी यांना ६३ टक्के मते दिली होती, तर १९८४ मध्ये रेगन यांना ६६ टक्के दिली. ‘रेगन डेमोक्रॅट’ हा शब्द राजकारणात रुळला तो अशाच लोकांवरून, आणि मिशिगनमधील ती ओढाताण आजही संपलेली नाही. (त्याच डेट्रॉइटच्या बऱ्याच भागाचे प्रतिनिधित्व आज काँग्रेसमध्ये बेळगावात वाढलेले मराठी भाषक श्री ठाणेदार करतात.)

पुढची पंचवीस वर्षे पक्षाने वेगळा मार्ग धरला. १९९२ मध्ये बिल क्लिंटन यांच्या लिटल रॉक येथील प्रचार कार्यालयात अर्थव्यवस्थेची आठवण करून देणारी पाटी भिंतीवर लागली होती. सत्तेत आल्यावर त्यांनी वित्तीय तूट कमी केली, मेक्सिको आणि कॅनडाबरोबरचा मुक्त व्यापार करार १९९४ पासून लागू केला आणि चीनला जागतिक व्यापार संघटनेची वाट मोकळी करून दिली. आयात माल स्वस्त झाला, महागाई झोपी गेली. परंतु २००० मध्ये कारखान्यांत जे सुमारे १ कोटी ७३ लाख लोक काम करत होते, ते २०१० पर्यंत सुमारे १ कोटी १५ लाख उरले. ओहायोतील यंग्सटाउन येथे सप्टेंबर १९७७ मधल्या एका सोमवारी पोलाद कारखाना बंद होत असल्याची घोषणा झाली होती आणि काही हजार कामगार रस्त्यावर आले होते. तिथल्या लोकांच्या दृष्टीने नव्वदीचे दशक त्या सोमवाराचाच पुढचा भाग होते. ते शहर ज्या महोनिंग परगण्यात आहे, तेथे १९७२ मध्ये निक्सन जिंकले होते. त्यानंतर तेथे जिंकणारे पहिले रिपब्लिकन अध्यक्षीय उमेदवार ठरले २०२० मधले ट्रम्प. इथे पक्षाने भाव सांभाळले आणि काम गमावले. त्याआधी २०१६ मध्ये मिशिगन, विस्कॉन्सिन आणि पेनसिल्व्हेनिया ही तीन राज्ये मिळून जेमतेम ७८ हजार मतांनी हातची गेली होती.

२०२१ मध्ये सत्तेत परतल्यावर पक्षाने जो सढळ खर्च केला, त्याचा उगम मात्र २००९ मध्ये आहे. वित्तीय संकटानंतर बराक ओबामा यांनी ७८७ अब्ज डॉलरचे मदत विधेयक आणले, तरी ऑक्टोबर २००९ मध्ये बेरोजगारी १० टक्क्यांवर गेली आणि पुढच्या वर्षी पक्षाने प्रतिनिधिगृहातील ६३ जागा गमावल्या. मदत अपुरी पडली, हात आखडता घेतला, हा त्यातून काढलेला निष्कर्ष पक्षात घट्ट रुजला. ओबामांचे उपाध्यक्ष जो बायडेन स्वतः अध्यक्ष झाल्यावर मार्च २०२१ मध्ये त्यांनी १.९ लाख कोटी डॉलरचा कायदा केला, त्यात प्रौढ माणसी १,४०० डॉलरपर्यंतचे धनादेश होते. बेरोजगारी झपाट्याने उतरली आणि २०२३ मध्ये ३.४ टक्के झाली, १९६९ नंतरची सर्वांत कमी. रूझवेल्टांच्या मोजपट्टीने हे मोठे यश होते. परंतु महासाथीने विस्कटलेला पुरवठा, लोकांच्या हाती आलेला पैसा आणि २०२२ च्या फेब्रुवारीत युक्रेनवर झालेले आक्रमण यांच्या एकत्रित परिणामाने जून २०२२ मध्ये महागाई ९.१ टक्क्यांवर गेली. बर्ड फ्लूने कोंबड्या मेल्याने जानेवारी २०२१ मध्ये दीड डॉलरच्या आत मिळणारी डझनभर अंडी दोन वर्षांनी ४.८२ डॉलरला मिळू लागली.

यातली सर्वांत दुःखद गोष्ट फारशी बोलली जात नाही. २०२१ च्या कायद्यानुसार जुलै ते डिसेंबर या काळात मुले असलेल्या कुटुंबांना दरमहा प्रत्येक मुलामागे २५० ते ३०० डॉलर मिळत होते, आणि त्या वर्षी बालकांमधील गरिबीचे प्रमाण ५.२ टक्के इतके खाली आले होते. सिनेटमध्ये ५०-५० अशी स्थिती असताना पक्षाचेच सदस्य जो मँचिन यांचा विरोध मोडता आला नाही आणि योजना वर्षअखेरीस संपली. भाव चढणीला लागले होते, आणि नेमक्या त्याच वेळी आधार काढून घेतला गेला. २०२२ मध्ये ते प्रमाण १२.४ टक्के झाले. ज्या आईच्या हाती दरमहा पैसे येत होते आणि मग अचानक बंद झाले, तिला रोजगाराचे विक्रमी आकडे ऐकवून काय साधणार होते?

नोव्हेंबर २०२२ च्या मध्यावधी निवडणुकीत, गर्भपाताच्या हक्काविषयीच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर उसळलेल्या रोषामुळे, पक्षाला प्रतिनिधिगृहात ९ च जागांचा फटका बसला आणि सिनेट टिकले. माझ्या मते या तुलनेने चांगल्या निकालानेच पक्षाला गाफील ठेवले. जून २०२३ मध्ये शिकागोत बायडेन यांनी आपल्या आर्थिक धोरणासाठी ‘बायडेनॉमिक्स’ हा शब्द अभिमानाने मिरवला. महागाईचा दर उतरला होता हे खरेच होते, पण दर उतरला म्हणजे भाव उतरले असे होत नाही. चार वर्षांत सर्वसाधारण किमती सुमारे २० टक्क्यांनी वर गेल्या होत्या आणि तिथेच राहिल्या. शिवाय १९८३ पासून अमेरिकेच्या ग्राहक किंमत निर्देशांकात घरकर्जाचे व्याज धरले जात नाही. २०२१ च्या सुरुवातीला ३ टक्क्यांच्या आत मिळणारे तीस वर्षांचे घरकर्ज २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये पावणेआठ टक्क्यांच्या घरात गेले होते, आणि हा बोजा ना निर्देशांकात दिसत होता ना पक्षाच्या भाषणांत.

ऑगस्ट २०२४ मध्ये कमला हॅरिस यांनी किराणा मालातील नफेखोरीवर देशव्यापी बंदी आणण्याचा प्रस्ताव नॉर्थ कॅरोलायनात मांडला, तेव्हा विरोधकांनी आणि काही अर्थतज्ज्ञांनीही त्याची संभावना किंमत नियंत्रण म्हणून केली, आणि प्रचारात तो लवकरच मागे पडला. ऑक्टोबरमध्ये एका कार्यक्रमात, बायडेन यांच्यापेक्षा तुम्ही वेगळे काय केले असते, या प्रश्नावर असे काही सुचत नाही, असे त्या म्हणाल्या. टेक्सासच्या सीमेवरील, बहुतांश मेक्सिकन वंशाच्या कष्टकऱ्यांच्या स्टार परगण्याने शंभराहून अधिक वर्षांनी रिपब्लिकन उमेदवाराला कौल दिला. त्या वर्षी ब्रिटनमध्ये हुजूर पक्ष पडला आणि जपानमध्ये सत्ताधारी आघाडीने बहुमत गमावले, त्यामुळे हा फटका केवळ डेमोक्रॅट्सना बसला असे म्हणता येत नाही. पण इतर पक्षांपेक्षा त्यांची गोष्ट जुनी आहे.

ट्रम्प यांनी एप्रिल २०२५ मध्ये आयात शुल्कांची मालिका जाहीर केल्यानंतर भाववाढीची धास्ती आता त्यांच्याच अंगणात आली आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये डेमोक्रॅट्सनी व्हर्जिनिया आणि न्यू जर्सी या राज्यांची गव्हर्नरपदे जिंकली ती जगण्याच्या खर्चावर बोलूनच. न्यू जर्सीत प्रचार विजेच्या बिलांभोवती फिरला. त्याच दिवशी न्यू यॉर्क शहरात झोहरान ममदानी यांनी नियंत्रित भाड्याच्या सुमारे १० लाख घरांची भाडेवाढ गोठवण्याच्या आश्वासनावर महापौरपद जिंकले. त्या शहरातील भाडेनियंत्रणाची सुरुवात १९४३ मध्ये झाली होती, ती ट्रुमन यांना १९४६ मध्ये जड गेलेल्या त्याच किंमत नियंत्रण कार्यालयाच्या आदेशाने.