कॉल्पोस्कोपी सांगितली म्हणजे कॅन्सर झाला, असं नाही

पॅप टेस्टचा, म्हणजे गर्भाशयाच्या मुखावरच्या पेशींच्या तपासणीचा, रिपोर्ट ‘अ‍ॅबनॉर्मल’ आला आणि डॉक्टरांनी कॉल्पोस्कोपी लिहून दिली, की घरात रडारड सुरू होते. ‘कॅन्सर असल्याशिवाय कशाला पाठवतील?’ हा समज वर्षानुवर्षं चालत आलाय, आणि तो चुकीचा आहे.

पॅप किंवा एचपीव्ही (या कॅन्सरला कारण ठरू शकणारा विषाणू) चाचणी फक्त इशारा देते. तो कितपत खरा, हे गर्भाशयाचं मुख नीट पाहिल्यावरच कळतं, आणि ते कॉल्पोस्कोपमधून पाहणं म्हणजेच कॉल्पोस्कोपी. कॉल्पोस्कोप म्हणजे उजेड असलेली दुर्बीण. जर्मनीत हान्स हिन्सेलमान यांनी १९२५ साली ती तयार केली. ती शरीराबाहेरच राहते, आत जातो तो फक्त स्पेक्युलम, म्हणजे योनीमार्ग उघडा ठेवणारं साधन. मग मुखावर ३ ते ५ टक्क्यांचं अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड, म्हणजे जवळपास व्हिनेगरच, लावतात. थोडं चुरचुरतं. मिनिटभरात बदललेल्या पेशींचा भाग पांढुरका दिसू लागतो. पण तो पांढरा डागही कॅन्सरच असतो असं नाही, साध्या सुजेनंही तसं दिसतं. म्हणून शंका वाटली तर तिथला काही मिलिमीटरचा तुकडा तपासायला घेतात.

बहुतेकींच्या बाबतीत काहीच सापडत नाही, किंवा सौम्य बदल सापडतात आणि ते बरेचदा आपोआप जातात. तीव्र बदलांचा कॅन्सर व्हायलाही सहसा अनेक वर्षं लागतात. म्हणून कृपा करून घाबरून तारीख पुढे ढकलू नका, असे बदल वेळेत काढून टाकता येतात.