वाइन चाखायला जाताना अत्तर का लावू नये?

वायनरीला पहिल्यांदा भेट देणाऱ्यांना ज्या सूचना केल्या जातात, त्यांतील एकीकडे सर्रास दुर्लक्ष होते: त्या दिवशी अत्तर किंवा उग्र वासाचे तेल लावून येऊ नये. ग्लास दांडीला धरणे, गोल फिरवून हुंगणे आणि घोट थुंकून टाकणे यांच्याप्रमाणे हाही उच्चभ्रूंचा एक नखरा असावा, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात यांतील बहुतेक शिष्टाचारांचे मूळ आपल्या नाकात आहे.

जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी (मशरूम किंवा मांसाच्या रश्शासारखी चव) एवढ्याच मूळ चवी कळतात. रेड वाइनचा तुरटपणा ही खरी चव नव्हे. टॅनिन, म्हणजे द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून येणारी तुरट द्रव्ये, लाळेतील प्रथिनांना चिकटून त्यांचा साका करतात, तोंडातील ओशटपणा जातो आणि जीभ खरखरीत वाटू लागते. फळे, फुले, मिरी, लाकूड अशी जी वर्णने ऐकू येतात, ती सगळी वासाची असतात. घोट तोंडात असताना आणि त्यानंतर श्वास सोडताना त्याची वाफ घशामागून नाकात चढते. थुंकल्यावरही तोंडात आणि घशात द्रवाचा पातळ थर उरतो व त्यातून वास येत राहतो. म्हणून समोर ठेवलेल्या भांड्यात थुंकणे हा यजमानाचा अपमान नसतो.

आता अत्तराकडे वळू. नाकाच्या पोकळीच्या छताशी गंधपेशी असतात आणि त्यांच्या सूक्ष्म केसांवर गंधग्राहक प्रथिने असतात. या ग्राहकांचे जनुक लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी 1991 मध्ये शोधले व त्यासाठी 2004 चे नोबेल पारितोषिक मिळवले. माणसात असे सुमारे 400 प्रकारचे ग्राहक कार्यरत आहेत. गंधरेणू ग्राहकाला जुळला की पेशीत सायक्लिक एएमपी नावाचा निरोप्या रेणू तयार होतो, तो पेशीपटलातील आयनमार्ग (विद्युतभारित कणांची, म्हणजे आयनांची, वाट) उघडतो, आणि सोडियम व कॅल्शियमचे आयन आत शिरून विद्युत संदेश उमटतो. गंमत पुढेच आहे. आत आलेले कॅल्शियम कॅल्मोड्युलिन या प्रथिनाशी जोडले जाते आणि ही जोडी त्याच आयनमार्गाची सायक्लिक एएमपीला दाद देण्याची क्षमता घटवते. म्हणजे संदेश उमटवणारे कॅल्शियमच तो संदेश मंद करण्याचीही व्यवस्था करते. वास सतत येत राहिला तर पेशी त्याला सरावतात, आणि मेंदूही त्याची दखल घेणे कमी करतो.

परिणामी, अत्तर लावणाऱ्याला थोड्याच वेळात स्वतःचा वास जाणवेनासा होतो, तर शेजारी नुकत्याच येऊन उभ्या राहिलेल्या पाहुण्याला वाइनऐवजी अत्तरच हुंगावे लागते. ग्लासमध्ये नाक खुपसून दीर्घ श्वास घेत बसण्यापेक्षा दोन-तीन छोटे श्वास घेऊन थांबावे, यामागेही हेच कारण आहे. मध्येच कॉफीच्या बिया हुंगल्याने नाक ‘ताजे’ होते, ही मात्र आवडीने पसरवलेली भाकडकथा आहे. साध्या हवेत थोडा वेळ थांबल्याने तेवढेच काम होते.

यजमान बोलण्यापूर्वी आपले निदान मोठ्याने जाहीर न करण्याचा संकेतही असाच सकारण आहे. फ्रान्समध्ये झालेल्या आणि 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, व्हाइट वाइनला वास नसलेला लाल रंग दिल्यावर वाइनशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी तिचे वर्णन रेड वाइनच्या शब्दांत केले. नुसत्या रंगाने एवढी दिशाभूल होत असेल, तर आत्मविश्वासाने उच्चारलेल्या शब्दाने शेजाऱ्याचे मत सहज झुकू शकते.

शेजाऱ्याला आपल्याला आलेला वास येत नसेल, तर त्याच्याशी वाद घालू नये. शिराझ या द्राक्षाच्या रेड वाइनमधील मिरीच्या वासाला रोटंडोन हा रेणू कारणीभूत असतो, आणि चाचणीत सुमारे पाचपैकी एकाला तो मोठ्या प्रमाणात असूनही जाणवला नव्हता.