मोटारीतील सबवूफरची वायरिंग आणि अ‍ॅम्प्लिफायरशी इंपीडन्सचा मेळ

मोटारीतील सबवूफरच्या (खोल बेस वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरच्या, थोडक्यात ‘सब’च्या) कॉइल, म्हणजे आतली तारेची वेटोळी, अ‍ॅम्प्लिफायरला अशा जोडायच्या की त्यावरचा भार त्याला झेपेल आणि सबलाही पुरेशी शक्ती मिळेल, या कामाला इंपीडन्सचा (संरोधाचा) मेळ घालणे म्हणतात. त्याचे गणित आठवी-नववीच्या विज्ञानातले आहे, एकसर आणि समांतर जोडणी, यापलीकडे काही नाही. गोची होते ती खरेदीच्या क्रमात. लोक आधी ऑफरमधला सब उचलतात, मग बजेटमध्ये बसेल तो अ‍ॅम्प घेतात, आणि डिक्कीत उलटे पडून वायरी जोडायची वेळ आली की लक्षात येते : हवा तो ओहम या कॉइलमधून निघतच नाही.

छापील ओहम आणि खरे ओहम

सबवर ‘४ ओहम’ असे छापलेले असते ते सोयीसाठी ठरवलेले नाममात्र मूल्य. मल्टिमीटर लावला तर त्याच कॉइलचा रोध ३.२ ते ३.६ ओहम दिसतो, आणि २ ओहमची कॉइल बहुधा १.६ ते १.९ दाखवते. सब खराब निघाला असे समजून तो परत घेऊन येणारे गिऱ्हाईक दुकानदाराला नवे नसते. मीटर एकदिश धारेला होणारा रोध मोजतो. गाण्याची विद्युतधारा प्रत्यावर्ती असते आणि तिला होणारा विरोध, म्हणजे इंपीडन्स, वारंवारतेनुसार बदलत राहतो.

हा बदल थोडाथोडका नसतो. सबच्या अनुनादी वारंवारतेपाशी कोन (स्पीकरचा पुढेमागे हलणारा शंकूसारखा पडदा) सर्वात मोकळेपणाने हलतो, हलणारी कॉइल चुंबकीय क्षेत्रात उलटे विभवांतर निर्माण करते, आणि ४ ओहमचा सब तेवढ्या पट्ट्यात वीस-तीस ओहमचा असल्यासारखा वागू शकतो. बंद बॉक्समध्ये आलेखावर असा एक उंचवटा येतो. पोर्ट (हवेसाठी मुद्दाम ठेवलेले भोक किंवा नळी) असलेल्या बॉक्समध्ये दोन येतात, आणि त्या दोहोंमधला खोलगट भाग बॉक्सच्या ट्यूनिंगपाशी (पोर्ट ज्या वारंवारतेला बांधला तिच्यापाशी) असतो. तिथे इंपीडन्स जवळजवळ कॉइलच्या मूळ रोधाइतका खाली येतो, म्हणजे पोर्टचा बॉक्स जिथे सर्वात जोरात वाजतो नेमका तिथेच अ‍ॅम्पवर सर्वात जास्त ताण असतो.

त्यातच कॉइल तापते. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.३९ टक्क्याने वाढतो. कॉइलचे तापमान १५० अंशांनी चढले की रोध दीडपटीच्या वर जातो आणि अ‍ॅम्पकडून ओढली जाणारी शक्ती तेवढीच घटते. अर्धा तास जोरात वाजवल्यावर बेस ‘बसल्यासारखा’ वाटतो, त्यामागे बऱ्याचदा हेच कारण असते. तरी वायरिंगचा हिशेब छापील आकड्यांवरच करतात आणि ते बरोबरही आहे, कारण अ‍ॅम्पची मर्यादासुद्धा अशाच नाममात्र भारावर दिलेली असते.

मोटारीत चार ओहम का

घरच्या स्पीकरना ८ ओहम चालतात, मोटारीत ४ ओहम रूढ झाले, याचे कारण बॅटरी. इंजिन चालू असताना गाडीत १४.४ व्होल्टच्या आसपास विभवांतर मिळते. डॅशबोर्डमधल्या स्टिरिओत ते वाढवण्याची सोय सहसा नसते. या १४.४ व्होल्टमधून शुद्ध साइन तरंग काढला तर त्याचे परिणामी मूल्य (आरएमएस, म्हणजे शक्तीच्या हिशेबातले सरासरी मूल्य) जेमतेम १०.२ व्होल्ट. त्याचा वर्ग करून ४ ने भागले की साधारण २६ वॉट. तेही कागदावर, प्रत्यक्षात १५ ते २० वॉट पदरात पडतात. त्याच स्टिरिओच्या खोक्यावरचा ‘५० वॉट × ४’ हा आकडा येतो १४.४ चा सरळ वर्ग करून ४ ने भागल्यावर, म्हणजे आवाज पूर्ण फाटून तरंग चौकोनी झाला आहे असे धरून. त्यात खोटे काही नाही, पण ऐकण्यालायकही काही नाही.

सबचा स्वतंत्र अ‍ॅम्प ही कोंडी आतल्या पॉवर सप्लायने फोडतो. तो १४ व्होल्टचे कितीतरी जास्त व्होल्ट करतो. त्याची शक्ती मोजण्याची सर्वमान्य पद्धत २००३ साली सीईए-२००६ या अमेरिकी मानकाने घालून दिली (आता सीटीए-२००६) : १४.४ व्होल्टवर, ४ ओहम भारावर, आवाजातली विकृती १ टक्क्यापेक्षा जास्त होऊ न देता. पत्रकावर हे मानक नसेल तर आरएमएस आकडा शोधावा. ‘मॅक्स’ किंवा ‘पीक’ शब्दापुढचे हजारांचे आकडे या हिशेबात धरूच नयेत.

कॉइलची जोडणी

सब दोन प्रकारचे मिळतात : एका व्हॉइस कॉइलचे आणि दोन कॉइलचे. दुसऱ्या प्रकाराला बाजारात डीव्हीसी किंवा ‘डबल कॉइल’ म्हणतात. दोन्ही कॉइल एकाच नळीवर गुंडाळलेल्या असतात आणि एकच कोन हलवतात. दुसऱ्या कॉइलने आवाज वाढत नाही, फक्त वायरिंगला पर्याय मिळतात.

एकसर (सीरिज) जोडणीत ओहमची बेरीज होते. अ‍ॅम्पचा प्लस पहिल्या कॉइलच्या प्लसला, पहिलीचा मायनस दुसरीच्या प्लसला, दुसरीचा मायनस परत अ‍ॅम्पच्या मायनसला. समांतर (पॅरलल) जोडणीत दोन्ही प्लस एकत्र, दोन्ही मायनस एकत्र, आणि सारख्या कॉइल असतील तर ओहम निम्मे. म्हणजे ४+४ ओहमच्या (प्रत्येक कॉइल ४ ओहमची) एका सबमधून २ किंवा ८ ओहम निघतात आणि २+२ च्या सबमधून १ किंवा ४.

इथेच पहिला सापळा आहे. अ‍ॅम्प किमान २ ओहमचा आहे, म्हणजे त्याहून कमी भार त्याला झेपत नाही, आणि हातात २+२ चा सब आहे. समांतर जोडला तर १ ओहम, अ‍ॅम्प जाणार. एकसर जोडला तर ४ ओहम, अ‍ॅम्प सुरक्षित पण त्याची बरीच शक्ती वापराविना पडून राहणार. त्या अ‍ॅम्पला खरे तर ४+४ चा सब हवा होता. १ ओहमच्या अ‍ॅम्पला एकच सब लावायचा असेल तर २+२ चा.

दोन सब आले की हा नियम उलटतो. ४+४ चे दोन सब घेऊन सगळ्या कॉइल समांतर केल्या तर १ ओहम, प्रत्येक सबमध्ये एकसर आणि दोन्ही सब आपसात समांतर केले तर ४, सगळे एकसर केले तर १६. अधलामधला २ ओहम कोणत्याही समतोल जोडणीत मिळत नाही. २+२ च्या दोन सबमधून ०.५, २ आणि ८ मिळतात. त्यामुळे ज्याने २ ओहमच्या अ‍ॅम्पवर ४+४ चा एक सब व्यवस्थित वाजवला आणि वर्षभराने हौसेने तस्साच दुसरा आणला, तो नेमका अडकतो. दोन सबसाठी १ ओहमच्या अ‍ॅम्पला ४+४ आणि २ ओहमच्या अ‍ॅम्पला २+२, हे दुकानात जाण्यापूर्वी कागदावर लिहून घेतलेले बरे. तीन सब असले की १.३३ किंवा २.६७ असले आकडे निघतात. ते चालतात, फक्त अ‍ॅम्पच्या किमान मर्यादेच्या वर असले पाहिजेत.

वेगवेगळ्या ओहमचे किंवा वेगवेगळ्या कंपनीचे सब एका अ‍ॅम्पवर लावू नयेत. समांतर जोडणीत ४ ओहमच्या सबपेक्षा २ ओहमचा सब दुप्पट शक्ती ओढतो, एकसर जोडणीत नेमके उलट. एक फुकट राबतो, दुसरा आरामात बसतो. डबल कॉइलच्या सबची एकच कॉइल वापरता येते, पण मग त्याची शक्ती झेलण्याची क्षमता साधारण निम्मी होते आणि बॉक्सच्या मापासाठी वापरले जाणारे थील-स्मॉल आकडेही बदलतात. तसे करायचेच असेल तर दुसरी कॉइल मोकळी सोडावी. तिची टोके एकमेकांना जोडली तर ती कोनाला ब्रेक लावते.

अ‍ॅम्पची बाजू

अ‍ॅम्पच्या आउटपुटचा स्वतःचा इंपीडन्स ओहमच्या काही शतांशांइतकाच असतो, त्यामुळे रेडिओच्या अँटेनाप्रमाणे दोन्हीकडचे ओहम समान करण्याचा इथे प्रश्न येत नाही. अ‍ॅम्प ठरावीक विभवांतर पुढे करतो, धारा किती वाहणार ते भार ठरवतो. भार निम्मा केला की धारा दुप्पट होते आणि आतल्या मॉस्फेट ट्रान्झिस्टरच्या रोधात होणारी उष्णता चौपट. त्याआधी बऱ्या अ‍ॅम्पचा लाल ‘प्रोटेक्ट’ दिवा लागतो आणि आवाज बंद पडतो. स्वस्तातल्या अ‍ॅम्पमध्ये तो दिवा कधीकधी धुराच्या नंतर लागतो.

सबसाठी आज मोनोब्लॉक, म्हणजे एकाच चॅनेलचा, बहुधा क्लास डी (कमी तापणाऱ्या प्रकारचा) अ‍ॅम्प, सर्वात सरळ पडतो. कित्येक मोनोब्लॉकवर स्पीकरच्या टर्मिनलच्या दोन जोड्या असतात. त्या आतून समांतर जोडलेल्या असतात, ते दोन चॅनेल नव्हेत. एका जोडीवर २ ओहमचा सब आणि दुसऱ्या जोडीवर २ ओहमचा सब म्हणजे अ‍ॅम्पला १ ओहम.

दोन किंवा चार चॅनेलचा अ‍ॅम्प ‘ब्रिज’ करून, म्हणजे दोन चॅनेल एकत्र जोडून, सब चालवताना प्रत्येक चॅनेलला भाराचा अर्धाच वाटा दिसतो. ४ ओहमचा सब ब्रिज केला की प्रत्येक चॅनेल २ ओहम चालवत असतो. म्हणून ‘२ ओहम स्टेबल’ असे लिहिलेला अ‍ॅम्प ब्रिजमध्ये किमान ४ ओहमच मागतो. ही ओळ माहितीपत्रकात छापलेली असते आणि सर्वात कमी वाचली जाते.

काही अ‍ॅम्प या साऱ्या कटकटीतून सुटका करतात. जेएल ऑडिओच्या ५००/१ या मॉडेलचा नियंत्रित पॉवर सप्लाय १.५ ते ४ ओहमपर्यंत कोणत्याही भारावर तेच ५०० वॉट देतो. अशा अ‍ॅम्पला सबची निवड बरीच सोपी होते.

ओहम किती खाली न्यावेत

समजा एक अ‍ॅम्प ४ ओहमला ३००, २ ओहमला ५०० आणि १ ओहमला ८०० वॉट देतो. ३०० वरून ८०० वर गेल्यावर आवाज वाढतो फक्त सव्वाचार डेसिबलच्या आसपास. कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात. त्या सव्वाचार डेसिबलसाठी बॅटरीकडून ओढली जाणारी पूर्ण ताकदीची धारा २५ अँपिअरवरून ७५ च्या घरात जाते. लहान हॅचबॅकचा अल्टरनेटरच ६० ते ९० अँपिअरचा, आणि त्यावर हेडलाइट, एसी, फॅन हेही जगत असतात. गाण्याची सरासरी पूर्ण ताकदीपेक्षा पुष्कळ कमी असते म्हणून गाडी लगेच बंद पडत नाही, पण ठेक्याबरोबर हेडलाइट मिचकावू लागले की काय चालले आहे ते समजावे. त्यापेक्षा मोठा किंवा जास्त संवेदनशील सब, किंवा मापाने नीट बांधलेला बॉक्स, हा खर्च मला जास्त शहाणपणाचा वाटतो.

कमी ओहमला वायरही जाड लागते. घरगुती फिटिंगमधली १ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर अ‍ॅम्पपासून सबपर्यंत दोन मीटर नेली तर जाऊन-येऊन तिचा रोध ०.०७ ओहमच्या आसपास होतो. ४ ओहमच्या सबला त्यात दोन टक्क्यांहूनही कमी शक्ती वाया जाते, १ ओहमला सहा-सात टक्के. २.५ चौरस मिलिमीटरची वायर घेतली की हा प्रश्न बहुतांशी मिटतो. बॅटरीच्या वायरीत फसवणूक जास्त आहे : बाजारातल्या स्वस्त ‘अ‍ॅम्प किट’मध्ये बहुधा तांब्याचा मुलामा दिलेले अ‍ॅल्युमिनियम असते, ज्याची वाहकता तांब्याच्या दोन-तृतीयांश भरते. एखादी तार ब्लेडने खरवडली की आत पांढरे दिसते. अशी वायर घ्यायचीच तर एक-दोन माप जाड घ्यावी. वायरीच्या टोकाचे थिंबल (धातूचे टोपण) नीट दाबून बसवावे, फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत असावा, आणि अर्थची वायर रंग खरवडलेल्या पत्र्यावर आवळावी.

तपासणी

अ‍ॅम्पला जोडण्यापूर्वी बॉक्समधून बाहेर आलेल्या दोन टोकांना मल्टिमीटर लावावा. आधी मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवून जो आकडा दिसेल, समजा ०.३, तो वजा करायचा. २ ओहमची जोडणी असेल तर उरलेला आकडा १.६ ते १.९ मध्ये यायला हवा. ०.८ दिसला तर कुठेतरी एकसरच्या जागी समांतर झाले आहे. सात-आठ दिसला तर उलट. काहीच दिसले नाही तर कॉइल तुटलेली किंवा टर्मिनल सुटलेले.

मीटरला एक चूक मात्र पकडता येत नाही, ती म्हणजे उलटी पोलॅरिटी. एका सबच्या दोन कॉइलपैकी एक उलटी लागली तर दोन्ही बले एकमेकांना मारतात, कोन जागचा हलत नाही आणि कॉइल नुसती तापत राहते. दोन सबपैकी एक उलटा लागला तर दोन्ही कोन जोरात हलताना दिसतात, पण बेस गायब. नऊ व्होल्टची बॅटरी क्षणभर टेकवून सगळे कोन एकाच दिशेला उसळतात का ते पाहणे ही जुनी, खात्रीची युक्ती.

गेनचा स्क्रू आवाज वाढवण्यासाठी नसतो, स्टिरिओचा सिग्नल आणि अ‍ॅम्प यांची पातळी जुळवण्यासाठी असतो. तो ठरवताना ओहमचा आकडा पुन्हा कामी येतो. हवी असलेली शक्ती गुणिले ओहम, त्याचे वर्गमूळ म्हणजे आउटपुटवर दिसायला हवे ते व्होल्ट. ५०० वॉट २ ओहमला सुमारे ३१.६ व्होल्ट, तेच ५०० वॉट ४ ओहमला ४४.७. सब सुटा करून, बेस बूस्ट आणि इक्वलायझर शून्यावर ठेवून, ५० हर्ट्झचा टोन वाजवत मीटर एसी व्होल्टवर लावून तेवढ्यावर गेन थांबवतात.

इतरत्र

सीटखाली बसणाऱ्या अ‍ॅक्टिव्ह सबमध्ये अ‍ॅम्प आतच असतो आणि त्याचा कॉइलशी मेळ कारखान्यातच घातलेला असतो, त्यामुळे मालकाला ओहमची चिंता उरत नाही. याउलट गणपतीच्या मिरवणुकीतल्या साउंडवाल्याला ती रोज असते. तिथले १८ इंची बेस स्पीकर बहुधा ८ ओहमचे असतात. एका चॅनेलवर दोन समांतर लावले तर ४ ओहम, चार लावले तर २. अ‍ॅम्प २ ओहमचा नसताना चौथा बॉक्स चढवला, की चॅनेल ऐन चौकात गप्प होतो.