फोर्कलिफ्ट हळू चालते, म्हणून धोका कमी?

फोर्कलिफ्ट म्हणजे पुढच्या लोखंडी काट्यांवर माल उचलून नेणारी गाडी. गोदामात काम करणाऱ्यांच्या ग्रुपवर तिच्याबद्दल एक समज वर्षानुवर्षे फिरतोय: "फोर्कलिफ्ट माणसाच्या चालीनं चालते, धडकली तरी फार लागत नाही."

असं वाटणं साहजिक आहे. रस्त्यावर आपण धोका वेगावरूनच मोजतो. इथे मात्र आधी वजन बघावं लागतं. अडीच टन उचलणारी फोर्कलिफ्ट रिकामीच साधारण साडेतीन ते चार टनांची असते, कारण पुढच्या मालाचा तोल सांभाळायला मागे जड लोखंड बसवलेलं असतं. लहान मोटार जेमतेम एक टनाची. खात्री करायची तर गाडीवरची पाटी वाचा. तिचं स्वतःचं वजन तिथे लिहिलेलं असतं.

आता वेग. ताशी 10 किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास 2.8 मीटर. माणूस दिसून चालकाचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला, तर ब्रेक लागण्याआधीच गाडी तेवढी पुढे आलेली असते. त्यात भरलेल्या गाडीला करकचून ब्रेक मारला तर माल पुढे घसरू शकतो.

आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित गोष्ट: ही गाडी मागच्या चाकांनी वळते. तोंड डावीकडे गेलं की शेपूट उजवीकडे फिरते. "मी तर बाजूला उभा आहे" म्हणणारा माणूस अगदी संथ वेगातही रॅक आणि गाडी यांच्यामध्ये चिरडला जाऊ शकतो. रिकाम्या आवारात, जवळपास कुणी नसताना, उभ्या गाडीच्या कडेला खडूनं सरळ रेषा ओढा आणि चालकाला एक वळण घ्यायला सांगा. मागचा कोपरा रेषेबाहेर किती जातो, ते लांबूनही दिसतं.