नदी आणि शेत, पुन्हा पुन्हा पाहिलेले

२४ ऑक्टोबर १९४६ रोजी न्यू मेक्सिकोतून उडालेल्या व्ही-२ रॉकेटमधल्या कॅमेऱ्याने सुमारे १०५ किलोमीटर उंचीवरून पृथ्वी टिपली. अवकाशातून काढलेला हा पहिला फोटो. पण नदी पात्र बदलते, शेत हंगामागणिक रूप पालटते. एका फोटोने त्यांचे काही कळत नाही. त्यामुळे या विषयाची खरी सुरुवात मी २३ जुलै १९७२ ची मानतो. त्या दिवशी झेपावलेला, पुढे लँडसॅट-१ म्हणून ओळखला गेलेला उपग्रह दर १८ दिवसांनी त्याच जागेवर परत यायचा.

त्यावरचे व्हिडिओ कॅमेरे विजेच्या बिघाडामुळे लवकरच बंद पडले. काम तारले ते व्हर्जिनिया नॉरवुड यांनी घडवलेल्या स्कॅनरने. त्याचा डोलणारा आरसा जमीन ओळीओळीने वाचायचा आणि चार तरंगपट्ट्यांत नोंदवायचा. त्यातले दोन पट्टे डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाचे होते आणि शेतीसाठी तेच मोलाचे ठरले. निरोगी पान लाल प्रकाश शोषते, अवरक्त मात्र भरपूर परतवते. पाणी तो जवळजवळ सगळाच गिळते. म्हणून अवरक्त प्रकाश लाल रंगाने दाखवणाऱ्या त्या चित्रांत उभे पीक लालभडक आणि स्वच्छ पाण्याची नदी काळी दिसते. याच फरकावर १९७०च्या दशकात टेक्सासमधल्या संशोधकांनी एनडीव्हीआय हा निर्देशांक बसवला. पिकाची तब्येत आजही त्यावरून पाहतात.

नदीला जास्त सबुरी लागते. बोलिव्हियातल्या मामोरे नदीची काही दशकांची चित्रे एकापुढे एक लावून पाहावीत. वळणाचा बाहेरचा काठ खचत जातो, आतल्या बाजूला वाळूची पांढरी कोर वाढते. वळणाची मान बारीक होत तुटते आणि मागे नालाकृती सरोवर उरते. जुन्या काठांचे व्रण कांद्याच्या पापुद्र्यांसारखे रानात स्पष्ट दिसतात.

इतकी चित्रे विकत घेणे पूर्वी फार थोड्यांना परवडायचे. २००८ मध्ये लँडसॅटचा साठा मोफत झाला आणि चित्र पालटले. १९८४ ते २०१५ मधली सुमारे ३० लाख दृश्ये चाळून २०१६ मध्ये जगभरच्या भूपृष्ठावरील पाण्याचा नकाशा तयार झाला, तो त्यामुळेच. आता सेंटिनेल-२ या उपग्रहांची जोडी दर पाच दिवसांनी १० मीटरचा तपशील देते. पूर नेमका ढगांखाली येतो, तेव्हा सेंटिनेल-१ चे रडार उपयोगी पडते.